भिकन मिस्त्रीचा बोल्ट

नाशिक रोडला भिकन मिस्त्रीचं गॅरेज तीस वर्षं एकाच जागी आहे. माणूस महाहट्टी. कॉम्प्युटर लावून गाडी तपासणाऱ्यांची तो यथेच्छ टिंगल करतो. मला त्याचा रागही येतो, पण माझी स्कूटर मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

परवा मी तिथे असताना घोटीचा चिमाजी आला. त्याची जुनी डिझेल जीप त्र्यंबकेश्वरच्या भाविकांची ने-आण करते आणि तिच्यावरच त्याचं घर चालतं. इंजिनमधून तेल गळत होतं. घोटीत दोनदा सील बदलून झालं होतं, तरी गळती थांबेना.

भिकनने इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि भोकावर वर्तमानपत्राचा कपटा ठेवला. इंजिन धड असलं की कपटा नुसता थरथरतो. हा उडून बॉनेटला चिकटला, मागोमाग धूर.

"आत कोंडलंय. वाफ बाहेर जायची नळी तुंबली असंल. साफ केली की झालं," तो म्हणाला. चिमाजी पहिल्यांदाच हसला.

नळी काढली तर तिच्या तोंडात बोल्ट ठोकलेला, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. अशी पट्टी गुंडाळणारा मिस्त्री अख्ख्या नाशकात एकच. दोन वर्षांपूर्वी तेलाच्या वासाने गाडीतल्या बायकांना मळमळतं, अशी चिमाजीची तक्रार होती. भिकनने 'तात्पुरती' म्हणून ती नळीच बंद केली, आणि साफ विसरला. आतल्या दाबाने सील फुटत राहिलं आणि तेल कमी पडत गेलं. तीस वर्षांचा मिस्त्री आणि ही चूक! मला भयंकर संताप आला.

बोल्ट काढून त्याने पुन्हा कपटा ठेवला. उडाला. तिसऱ्यांदाही उडाला. नळी तर आता मोकळी होती.

"तेलाबिगर घासून पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर बी गेला. इंजिन संपलं. याचे पार्ट आता कुठं मिळत नाय." भिकन खाली बघत म्हणाला, "बोल्ट मीच ठोकला व्हता, चिमाजी."

"ठाऊक हाय भाऊ," चिमाजी शांतपणे म्हणाला. "घोटीचा मिस्त्री काढाया निघाला व्हता. मी म्हनलं, भिकनभाऊनी लावलाय, त्याला हात लावायचा नाय."

भिकनने इंजिन बंद केलं. मला त्याच्याकडे बघवेना.