घाण कुठं करता ते आधी सांगा

सुजाता गेल्याचं मला तिच्या घरून नाही, तिच्या कंपनीच्या मेसेजवरून कळलं. मधोमध तिचा फोटो, चारी कोपऱ्यांत हिरवी पानं आणि खाली ओळ, 'आमच्या हरित कुटुंबाचा आधार हरपला.' खरं सांगते, आधी रडू आलं नाही. किळस आली... रडू नंतर आलं, तिच्या गावाजवळच्या येडशी स्टेशनवर उतरल्यावर, आणि तेही निम्मं रागाचंच होतं.

धाराशिवच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर रसायनशास्त्र शिकलो. मी लातूरला शिक्षिका झाले, ती तिच्या गावाशेजारच्या दूध प्रकल्पात लागली. वडील लवकर गेलेले, आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून शिकवलेलं. पहिल्या पगारात तिनं वस्तीवरच्या विहाराला पंखा दिला. पुढं कंपनीला परदेशात माल पाठवायचा होता, म्हणून पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आणायचं ठरलं आणि ते काम सुजाताच्या गळ्यात पडलं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि सांडपाणी ओढ्यात, असं मी तिला चिडवायची. ती खरोखर चिडायची. म्हणायची, "अगं, मानक कुणाला स्वच्छ राहा म्हणतच न्हाय. ते म्हणतं, घाण कुठं करता ते आधी स्वतःच्या तोंडानं सांगा. मग ती कमी करा. लई साधं हाय." इतक्या साध्या गोष्टीवर तिची इतकी श्रद्धा होती, आणि तीच नडली.

दूध ही गोड वस्तू, पण टाक्या धुतलेलं पाणी साठून आंबलं की बाळाच्या ओकारीचं फडकं बादलीत विसरल्यासारखा वास सुटतो. तो मरावा म्हणून त्या पाण्यात रात्रंदिवस हवा सोडावी लागते. कंपनी विजेचं बिल वाचवायला हवा सोडणारी यंत्रं बंद ठेवायची आणि पाणी तसंच ओढ्यात सोडायची. ओढा जायचा सुजाताच्या वस्तीमागून. तपासनीस येणार म्हटलं की मात्र सोयरीक जुळवायला पाहुणे आल्यासारखी धांदल. यंत्रं घरघरू लागायची, रस्त्याकडेला चुना पडायचा, रोपवाटिकेतून भाड्यानं कुंड्या यायच्या आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत जायच्या!

एका वर्षी तपासनिसांनी शेवटच्या बैठकीत रीत म्हणून विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? सुजाता उठली. ही यंत्रं आज सकाळी सुरू झालीत, उद्या बंद होतील, चला ओढा दाखवते, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. मॅनेजर हसून म्हणाला, "साहेब, यांचं घर तिकडं वस्तीवर हाय. वस्तीला वास असायचाच."

कुणी खाली मान घातली नाही. पुढ्यातले पेढे संपले, सर्टिफिकेट मिळालं. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. नंतर तिला पॅकिंग विभागात टाकलं, पण माहितीपत्रकावर झाडाला पाणी घालणारा तिचा फोटो तसाच राहिला. नोकरी सोड म्हणून मी किती वेळा सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं, मी गेले तर आत ओढ्याचं नाव काढणारंही कुणी राहणार नाही. ती गेली हृदयविकारानं. ओढ्यानं मारलं असं मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय असलं बोललेलं तिला खपत नसे.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि तो मॅनेजर पितळी पाटी घेऊन आला. दरवर्षी तिच्या नावानं पर्यावरण पुरस्कार द्यायचं ठरलंय, आईंनी पाटी हातात घेऊन एक फोटो द्यावा, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, असं तो नाकावर धरलेल्या रुमालातून बोलत होता. निदान तपासणीचं तरी बोलायचं नव्हतं! तिच्या आईंना मी मावशी म्हणते. मावशींनी फोटोला नाही म्हटलं नाही. त्यांनी त्याला आत, मागच्या खोलीत नेलं. सुजाताची खाट, भिंतीला बाबासाहेब आणि ओढ्याकडची उघडी खिडकी. मी मागोमाग गेले.

"ही तिची खोली. बसा साहेब."

तो म्हणाला, तेवढी खिडकी लावता का?

"न्हाय. ती लावू देत नव्हती. लावायची सवय झाली तर बोलायचं राहून जाईल, म्हनायची." मग त्या खाटेवर टेकल्या. "मला वाचता येत न्हाय. काय लिव्हलंय, वाचून दाखवा."

रुमाल काढल्याशिवाय वाचता येईना. त्यानं तो काढला, 'पर्यावरणरक्षक' एवढं म्हणाला आणि उमाळा आल्यासारखं तोंड दाबून बाहेर धावला. पाटी खाटेवरच राहिली. मावशींनी ती उचलली, सावकाश चालत जाऊन त्याच्या गाडीच्या टपावर ठेवली आणि परत येऊन खिडकीपाशी बसल्या.

मी तिथंच उभी होते, नाकाला पदर लावून. मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर काढला.