आठ वर्षांच्या मापाचे कोट

नूर महंमद शिंपी यांच्याविषयी कोणीतरी लिहायला हवे होते. कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो आहे. काही चुकले तर ते माझे समजावे.

पिंपळनेरला आमच्या शाळेचे गणवेश वीस वर्षे नूरभाई शिवत. सगळे वाढत्या अंगाचे. पाचवीत शिवलेली चड्डी सातवीपर्यंत पुरलीच पाहिजे. पहिल्या वर्षी मुलगा चड्डीत शोधावा लागे. १९८८ साली शाळेचे अध्यक्ष तोताराम आबांनी धुळ्याहून तयार गणवेश आणायचे मनात घेतले. नूरभाईंचे निम्मे दुकान गणवेशांवर चाले.

"स्नेहसंमेलनातले कोट पाहू, मग ठरवू," आबा म्हणाले.

ते कोट माझ्या नाटकासाठी होते. मी इतिहास शिकवायचो. नाटक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे. इंग्रजांच्या चहाच्या पेट्या समुद्रात टाकणाऱ्या अमेरिकनांना जाडेभरडे कपडे चालणार होते, कारण तिथल्या बायकांनी इंग्रजी कापड सोडून घरी सूत काढले होते. इंग्रज सैनिकांना मात्र लाल कोट हवे होते. सात.

नूरभाईंनी नववीच्या सात मुलांची मापे घेतली आणि मला विचारले, "मास्तर, लढाई कितला वरीस चालनी?"

"आठ."

"आन् मधमा नवा कोट भेटे का?"

पुस्तकात हे नव्हते. इतक्या लांबून कोण पाठवणार, म्हणून मी अंदाजाने "नाही" म्हणालो.

नाटकाच्या दिवशी कोट आले. सेनापती झालेल्या मगनचा कोट पोटऱ्यांपर्यंत, हात बाहीत गडप. 'बार टाका' म्हटल्यावर सातही जण बंदुकीचा घोडा शोधत राहिले. मागून कोणी ओरडले, "आरे, आंदर कोनी शे का?" नाटक वीस मिनिटांचे होते. अमेरिका चार मिनिटांत स्वतंत्र झाली.

"नूरभाई, हाई काय करं तुम्ही?" आबांनी विचारले.

"आबा, आठ वरीसनं माप शे."

जूनमध्ये गणवेश धुळ्याहून आले. नूरभाई उशांचे अभ्रे आणि पिशव्या शिवू लागले. परीक्षेत इंग्रजांच्या पराभवाचे कारण म्हणून तिघांनी 'लांब बाह्या' लिहिले. मी अर्धा गुण दिला.

तयार गणवेशात चड्डीऐवजी फुल पँट होती. ती दिवाळीपर्यंत बरी दिसे. मग मुलांच्या पोटऱ्या दिसू लागत. पालक कुरकुरत, आबा ऐकत नसत.

१९९६ च्या संमेलनाला मगन पाहुणा म्हणून आला. तो आता तलाठी होता. शाळेच्या कपाटातला आपला कोट त्याने गमतीने अंगात घातला. खांदे चोख. बाही बरोबर मनगटावर. तो तसाच जाऊन नूरभाईंना दुकानातून घेऊन आला. त्यांनी चष्मा पुसला, बाही ओढून पाहिली.

"आठ वरीस झायात," ते म्हणाले.

आबांनी शेजारी बसलेल्या नातवाच्या आखूड पँटकडे पाहिले.

"नूरभाई, मशीन चालू शे ना?"

"शे, आबा."

"मंग जूनपासून गणवेश तुम्हीच शिवा."

"वाढता आंगनाच शिवसू."

आबांनी मगनची बाही चाचपली. "शिवा. पन आठ वरीसना नको."