पाण्यातलं मूळ गाव

कोणी भेटलं की "मूळ गाव कोणतं?" हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. खोडच आहे ती. सिंगापुरात, यिशुनला आमच्या ब्लॉकखाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मलय अंकलनाही मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते समोरच्या जलाशयाच्या दिशेने हात करून म्हणाले, "पाणी." मला वाटलं, यांना ऐकू कमी येत असेल.

मग दुपारच्या चहाला एकेक कळत गेलं. तिथे पूर्वी खाडी होती. त्यांची आजी होडीतच जन्मली, होडीतच तिचं लग्न लागलं. गोरा साहेब आला, त्यानं बेटाचे नकाशे काढले, त्यात होड्यांना जागा नव्हती. हळूहळू सगळे किनाऱ्याला लागले आणि कागदावर मलय झाले. अंकल इतकं संथ सांगायचे की माझे डोळे मिटायचे आणि बाक पाण्यावर हलतोय असं वाटायचं.

दोन हजार पंधराच्या सुमारास लेकीच्या शाळेत डिबेट होती. साहेबाच्या राज्यात मूळ रहिवाशांचं जे झालं, त्याला वंशसंहार म्हणायचं का? तिच्या वाट्याला "नाही" आलं. मी चिडलेच. आमच्याकडे बायका बोटं मोडून "तुझा निर्वंश होईल" म्हणतात, तेव्हा काय हातात तलवार असते?

"आई, डिबेटच आहे, लाह," ती इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली. पहिल्यांदाच टीममध्ये निवड झालेली, तिला जिंकायचं होतं. आणि तिचा हुकमी मुद्दा म्हणजे अंकलच. वंश संपला असता तर हे कुठून आले? त्यांनी आजीच्या होडीवरच्या भाषेत एक वाक्य बोलायचं, ती ते सगळ्यांना ऐकवणार. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तिनं मोबाइल समोर धरला. अंकलनी डोळे मिटले. जलाशयावरून वारा येत होता, मलाही पेंग आली. बऱ्याच वेळाने ते एकच शब्द बोलले. पुन्हा बोलले आणि गालातल्या गालात हसले.

"आजी संध्याकाळी अशी हाक मारायची."

"म्हणजे काय?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे, जेवायला या." ते थांबले. "की कुत्र्याला बोलवायची? थांब हं, विचारून सांगतो."

त्यांनी खिशातून फोन काढला. "ताई गेली... काका गेले..." पुटपुटत ते एकेक नाव सरकवू लागले. लेक रेकॉर्डिंग चालू ठेवून वाट बघत होती. यादी संपली, तशी त्यांनी ती पुन्हा वरपासून सुरू केली.