उष्टा मुखवटा

"हात काढ! बाटवलास ना?"

मॅनेजरांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली. हात नाही लावला. पट्टीच.

बाळांनो, लोणावळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात माझे वडील, आबा, यंत्रावर होते. मी त्यांची भाकरी घेऊन गेले होते. ऑफिसच्या दाराशीच, आतल्या खुंटीला मुखवटा टांगलेला असे. रबराचा, डोळ्यांना काचा, खाली पत्र्याचा डबा. डब्यावर इंग्रजी अक्षरं. मिशनच्या शाळेत मी ती नुकतीच शिकले होते, म्हणून बोट ठेवून वाचत होते.

"एबीसीडी आली म्हणून थेट हापिसात? दौलत, पुसून घे तो ओल्या फडक्यानं."

आबांबरोबर यंत्रावर असलेल्या, इंदुरी गावच्या दौलतभाऊंनी पुसला. आबा उंबऱ्याबाहेर उभे होते. आमच्या लोकांना ऑफिसात पाय टाकायची मुभा नव्हती.

"चुकलं पोरीचं, सायेब," आबा म्हणाले. "पन येकदा आमाला लावून दावा की. ग्यास सुटला तर कुटं चाचपडायचं?"

"आणि मग तुझं उष्टं मी तोंडाला लावू?"

सगळे हसले. दौलतभाऊ सगळ्यांत मोठ्यानं. "काय रं गड्या, मुखवटा घालून जत्रंत नाचायचं हाय व्हय?"

आबाही हसले. ते हसणं मला अजून दिसतं.

बेडशाला आमच्या गावी देवीचा मुखवटाही आम्ही लांबूनच बघायचो. हाही तसलाच झाला होता. मुंबईच्या फिटरने तो कसा लावायचा ते एकट्या मॅनेजरांना दाखवलं होतं. यंत्रापाशी मॅनेजर कधी जात नसत.

बर्फ करायला पाइपांतून अमोनिया फिरायचा. त्यालाच कामगार ग्यास म्हणत. थोडा गळला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. जास्त गळला तर काय करायचं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मे महिना होता. बंगल्यांत पाहुणे भरलेले, यंत्राला उसंत नव्हती. भर दुपारी पाइपाचा सांधा सुटला. मी भाकरी घेऊन फाटकात पोचले तेव्हा माणसं खोकत, ठेचकाळत बाहेर येत होती. आबाही बाहेर आले होते. हे नीट लक्षात ठेवा. आबा बाहेर आले होते.

मॅनेजर स्वतः मुखवटा घेऊन आले आणि त्यांनी तो आबांच्या अंगावर फेकला.

"घाल हा. आत जाऊन व्हॉल्व्ह बंद कर. पळ!"

त्या क्षणी विटाळ नव्हता.

आबांनी पट्टे कसेबसे डोक्यावर ओढले. माझ्याकडे वळून बघितलं. काचांमागे डोळे दिसले. आत गेले.

व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला. परत येताना पायरीवर पडले. दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांत अडकलेली. मुखवटा अर्धा ओढून काढलेला.

मॅनेजरांनी तो उचलून उलटा केला. डब्याच्या बुडाला रबराचं बूच होतं. तिथूनच हवा आत यायची.

"बघा! बूचसुद्धा काढलं नाही. म्हणून गुदमरला, म्हणून ओढून काढला. अडाणी लोक." मग मुखवटा आबांच्या पायाशी टाकला. "न्या. त्याच्याबरोबरच पुरा. आता कोण लावणार तो?"

खोलीवरून धावत आलेली आई आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी मुखवटा उचलला. बूच उपटलं. सगळ्यांसमोर तोंडाला लावला. आत आबांची थुंकी होती, अजून ओली. मी श्वास घेतला. हवा आली.

मग काढला आणि म्हणाले, "आबा अडाणी नव्हते. तुम्ही लावू दिला नाही."

मी मुखवटा दौलतभाऊंपुढे धरला. ते शेतकरी घरातले. आमच्या हातचं पाणीही घेत नसत. ते मुखवट्याकडे बघत राहिले.

"दे हिकडं, पोरी."

त्यांनी तो तोंडाला लावला. मग पुढच्याला दिला. पुढच्याने त्याच्या पुढच्याला. शेवटी दौलतभाऊ मॅनेजरांना म्हणाले, "आदी समद्यांना शिकवा. मंग यंत्र चालू. त्याबिगर न्हाई."

मुंबईहून फिटर येईपर्यंत यंत्र बंद राहिलं. बंगल्यांना बर्फ मिळाला नाही.

याने मन भरून येऊ देऊ नका. आबा गेले ते गेले. मॅनेजर होते तिथेच राहिले. कारखान्याने दिलेली आमची खोली काढून घेतली. आणि आबांना माती दिल्यावर दौलतभाऊंनी आमच्या हातचं पाणी घेतलं नाहीच.

अजूनही झोपेत माझ्या तोंडावर रबर येतं. बूच सापडत नाही.

आता तुमच्यातल्या धाकट्याने कळवलंय, की त्याच्या अमोनियावरच चालणाऱ्या शीतगृहात मास्क लावायचा सराव सारखा सारखा असतो. कंटाळा येतो म्हणून तो सही करून निघून येतो, आणि सफाईच्या बायकांना तर बोलवतच नाहीत.

धाकट्या, तू तिथे साहेब आहेस. उद्या त्या बायकांना बोलाव. मास्क आधी त्यांच्या तोंडाला लागू दे, मग तो न पुसता तुझ्या तोंडाला लाव. हे केल्याचं कळेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही.