फाटकापलीकडचा बाजार

इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या दुकानात सुक्या जर्दाळूंचा वास आला आणि मी मनाने थेट उझबेकिस्तानच्या सीमेवर पोचलो. तरुणपणी तिथल्या गिरणीत यंत्रं बसवायला गेलो होतो. चौकीतल्या टीव्हीवर शेजारी देशांचे अध्यक्ष गळाभेट घेत होते. आता आपली बाजारपेठ एक, अशी घोषणा झाली! शिपाई टाळ्या वाजवत होता. त्यानेच फळं विकायला निघालेल्या गावातल्या झुल्फियाबाईंची जर्दाळूंची बादली अडवली. त्यांची बाग सीमेवरच्या फाटकाच्या अलीकडे, बाजार पलीकडच्या देशात.

"बाजारासाठी काढलेलं फळ आम्ही घरी परत नेत नाही," म्हणत त्यांनी ते तिथेच सगळ्यांना वाटलं. शिपायानेही मिटक्या मारत खाल्लं आणि फाटक बंदच ठेवलं!

मी हातातलं जर्दाळूंचं पाकीट दुकानाच्या काउंटरवर आपटलं.

"बाबा, चिल! इट्स जस्ट फ्रूट," मुलगी म्हणाली.

फ्रूट? हे पाकीट समुद्र ओलांडून इथे आलं. त्या बाईला साधं फाटक ओलांडू दिलं नाही लेकाच्यांनी!