कालव्याचे मामा आणि आमची चित्रशाळा

माझ्या बायकोच्या मामांच्या नजरेसमोरून आजवर एकही गोष्ट बिनचौकशीची पुढे गेलेली नाही. मग ती कालव्यातलं पाणी असो, पंगतीतली पुरी असो नाहीतर दारावरून चाललेली दुसऱ्याची वरात असो. मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या काठाने त्यांनी उभी नोकरी सायकलवर काढली. धरणातून इतकं पाणी सुटलं, मग शेवटच्या शेताला इतकंच का पोचलं, मधलं कुठे मुरलं, हे शोधणं त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल मिळाली आणि कालवा हातचा गेला, पण मुरण्याचा शोध सुटला नाही. माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकत असताना मामा आचाऱ्याच्या मागे उभे होते. वाढपी दरवेळी मांडवाच्या दाराकडून सुरुवात करतात, म्हणून कोपऱ्यातल्या पंगतीला नेहमी गार पुऱ्या मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी मठ्ठ्याची बादली हातात घेऊन वाढप कोपऱ्याकडून सुरू करायला लावलं. त्या दिवशी कोपऱ्यातली माणसं तृप्त झाली आणि दाराजवळ बसलेले व्याही उपाशी राहिले. माझ्या सासुरवाडीत ही गोष्ट अजून हळू आवाजात सांगतात.

घरात त्यांची अडचण मामींना. एका सकाळी मामा ओट्यासमोर पाट मांडून बसले आणि एका चहासाठी मामींना सहा हेलपाटे पडतात, असं त्यांनी जाहीर केलं. साखरेचा डबा त्यांनी स्वतः उचलून शेगडीजवळ आणला. दुपारी तो मूळ जागी परत गेलेला होता आणि मामा मळ्यात एकटेच जेवत होते. "माझ्या सैपाकघरात तुमचं खातं न्हाई चालायचं," एवढंच मामी म्हणाल्या. मामांनी तो अहवाल मागे घेतला. पण एरवी ते मागे घेणाऱ्यातले नव्हते, आणि त्यांच्या त्या हटवादीपणावरच माझं दुकान आज उभं आहे.

दुकान म्हणजे हिंगोलीच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत असलेली आमची चित्रशाळा. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, हळदीच्या पाकिटांवरची चित्रं, सगळं आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार गोविंदा. गोविंदा सिद्धेश्वरकडच्या एका तांड्यावरचा. त्याची आई भरतकाम करायची. त्या टाक्यांचे आकार गोविंदाच्या बोटांत असे उतरलेत की त्याने पत्रिकेला काढलेली किनार लोक लग्न झाल्यावरही जपून ठेवतात. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, चित्र त्याच्याकडे आणि अक्षरजुळणी रेहानाकडे. ती संगणकावर बसते आणि छापायला पाठवण्याचं कामही तीच बघते. पद्धत अशी कुठलीच नव्हती. जो रिकामा दिसेल त्याच्या कानावर निरोप घालायचा, अशी बारा वर्षं गेली आणि छान गेली.

मग औंढ्याच्या एका गुरुजींच्या मुलीची पत्रिका आली. मुलीचे दोन आजोबा. वडिलांचे वडील वारलेले, आईचे वडील ठणठणीत. पत्रिका छापून गेल्यावर चौथ्या दिवशी एक उंच म्हातारे गृहस्थ दुकानात आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि पत्रिका माझ्यासमोर ठेवून शांतपणे म्हणाले, "या छापलेल्या नावाचा माणूस मीच. बघून घ्या." त्यांच्या नावाआधी आम्ही 'कै.' छापलं होतं आणि वारलेल्या आजोबांना 'श्री.' करून परत आणलं होतं. गृहस्थ दिलदार. स्वतः हसले. पण त्यांच्या मुलीने, म्हणजे नवरीच्या आईने, ती पत्रिका वाचून दिवसभर डोळ्याला पदर लावला होता, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकताना मला खाली बघावं लागलं.

पत्रिका आम्ही पुन्हा छापून दिल्या. फुटलं ते आमच्यात. मी म्हणालो, दुरुस्ती गोविंदाने ऐकली होती, त्याने ती नीट सांगायला हवी होती. तो म्हणाला, मी सांगितली होती, तू फोनवर बोलत होतास. त्यावर मी एक वाक्य बोललो, की तुझं लक्ष खिडकीबाहेर असतं. ते बोलायला नको होतं. गोविंदाने तिसऱ्या दिवशी रेहानाकरवी निरोप पाठवला, की लगीनसराई संपली की मी जाणार. आम्ही दोघं एकाच खोलीत, सहा फुटांवर, आणि निरोप रेहानाकरवी. ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहायची. मीही मनातून दुकान आवरायला घेतलं होतं. बायकोला हे न सांगताच कळलं असावं, कारण तिने मला न विचारता मामांना बोलावून घेतलं.

मामा छत्री, पाण्याची बाटली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक भेंडोळं घेऊन आले. दारात चप्पल काढून त्यांनी एक स्टूल मागितलं आणि आठ दिवस ते त्या स्टुलावर होते, असं म्हणायचं, पण खरं तर ते कधीच स्टुलावर नसत. नवं काम आलं की मामा त्या कागदाच्या मागे मागे चालत. कागद माझ्या टेबलावर आला की मामा टेबलापाशी, रेहानाकडे गेला की तिच्या खुर्चीमागे. कागद एखाद्या ढिगात दबून राहिला की मामाही तिथेच उभे राहत, कधीकधी तासभर, हातात घड्याळ घेऊन. गिऱ्हाइकांना वाटायचं, हे कुठल्या तरी कचेरीचे साहेब आहेत. ते आपोआप हळू बोलायला लागायचे. प्रत्येक पायरी मामा रद्द झालेल्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे आणि दोरीवर चिमट्याने अडकवायचे. आठवडाभरात भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचा धंदा वाळत पडला.

एका दुपारी ते गोविंदासमोर जाऊन बसले. गोविंदा कुंचला भिजवून खिडकीकडे बघत होता. मामांनी वीस मिनिटं वाट बघितली आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "गोविंदराव, हे बाहेर बघून राहिले तुमी, हे कशात धरायचं?" गोविंदाने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, हे मीच विचारायला लावलं. त्याने कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले, आणि लगीनसराई संपायच्या आतच तो तांड्यावर निघून गेला.

मी मामांवर रागावलो नाही, कारण रागवायलाही ताकद लागते. मामा मात्र दोरीसमोर दोन दिवस बसून होते. त्यांनी गुरुजींना आणि रेहानाला पुन्हा पुन्हा विचारून ती औंढ्याची दुरुस्ती दारापासून मशीनपर्यंत शब्दाशब्दाने जुळवली, आणि रविवारी सकाळी दोरी गुंडाळून मला म्हणाले, जावईबापू, गाडी काढा.

तांड्यावर गोविंदा अंगणात बाजेवर बसला होता. त्याने मामांना पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. मामांनी दोरीचं एक टोक बाजेला बांधलं आणि दुसरं दाराच्या चौकटीला. अंगणभर पत्रिका लटकल्या. गोविंदाच्या आईने बाहेर येऊन कोणाचं लग्न ठरलं म्हणून विचारलं. मग मामांनी बोटाने दाखवत वाचायला सुरुवात केली. गुरुजी दारात म्हणाले होते, दोन्ही आजोबांची जागा बदला, कै. आणि श्री. सांभाळून, आईचे वडील आधी घ्या. गोविंदाने मला सांगितलं, आजोबांची नावं बदलायची आहेत, श्री.चं बघ. मी फोनवर हात ठेवून रेहानाला म्हणालो, नावं बदल. आणि तिने नावं बदलली. नावाआधीचं कै. आणि श्री. जिथल्या तिथे राहिलं.

"दारात बादलीभर होतं," मामा म्हणाले. "टेबलाशी तांब्याभर झालं, मशीनपाशी वाटीभर. चूक तुमची बी न्हाई, यांची बी न्हाई, त्या पोरीची बी न्हाई. दोघांच्या मधली जी जागा हाय, ती कोणाच्याच मालकीची नव्हती. तिथं मुरलं."

गोविंदा उठून दोरीजवळ गेला आणि एकेक पत्रिका वाचू लागला. मधल्या एका पत्रिकेशी थांबला. मी ती आधी पाहिली नव्हती. मामांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गोविंदराव खिडकीतून बघतात. इथे कोणी आवाज देऊ नये, निरोप सांगू नये.'

"हे कशात धरलं?" गोविंदाने विचारलं.

"साठवणीत," मामा म्हणाले. "धरणात पाणी थांबलेलं दिसतं म्हणून ते रिकामं बसलं, असं कोणी म्हणतं का? मला आधी कळलं न्हाई. म्हणून विचारलं होतं."

मग मी बोललो. खिडकीचं ते वाक्य मी मागे घेतो, एवढंच म्हणालो. गोविंदाने चिमटे काढायला सुरुवात केली, आणि दोरीचं दुसरं टोक मी धरलं.

येताना मामांनी कालव्यापाशी गाडी थांबवायला लावली. पाण्यात पाय सोडून बसले. मग त्यांनी सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हाताखाली एक पाटकरी होता, शेताशेताला पाणी सोडणारा. एका चारीला, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याला, पाणी पोचत नव्हतं. लोक ओरडले आणि मामांनी त्या पाटकऱ्याच्या नावाने ठपक्याचा कागद केला. त्याची लांब बदली झाली. पुढच्या वर्षी मोरीखालची फट सापडली.

"मी गेलतो त्याच्या गावाला सांगायला," मामा म्हणाले. "घर बंद होतं. मंग कुठं भेटलाच न्हाई." त्यांनी उपरण्याने पाय पुसले आणि चला म्हणाले.

त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक खाकी पाकीट असतं, दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या हातानेच लिहून त्यात पडते, आणि छापण्याआधी रेहाना सगळी नावं मोठ्याने वाचते. शहाण्या लोकांना हे साधंच वाटेल. आम्हाला ते कोणीतरी आठ दिवस उभं राहून शोधून द्यावं लागलं. मामांचे आभार मात्र मी तेव्हा मानले नाहीत. आपल्याकडे मामांचे आभार कोण मानतं?

आता ते मुलाकडे राहतात, लांब, एका मोठ्या शहरात चौथ्या मजल्यावर. गुडघे गेलेत, ऐकूही कमी येतं. परवा मी मुद्दाम फोन केला, मनाशी वाक्यं जुळवून. म्हणालो, मामा, गोविंदा अजून माझ्याबरोबर आहे, आमचं सगळं नीट चाललंय, ते तुमच्यामुळे.

"व्हय, व्हय," मामा मोठ्याने म्हणाले. "आत्ताच जेवलो."

बरं झालं, मी म्हणालो.