फूड कोर्टातली हिरव्या साडीवाली

मंडळी, डोकं चालून नाही राह्यलं, म्हणून इथं लिहितो.

आज दारव्ह्याहून दादासाठी पोरगी पाहाले नागपूरच्या मॉलात गेलतो. आता हे कार्यक्रम घरी कोण ठेवते? मॉल ना त्याहीचा, ना आपला. नकार द्यालेही सोपं.

फूड कोर्टात एका टेबलावर आई-बाप अन् हिरव्या साडीतली पोरगी बसून होती. बाप उठून म्हणाले, "या, या! रस्ता बरा होता ना?"

आम्ही बसलो. ओळख स्थळ आणणाऱ्या मामानं फोनवर करून देली असंन, असं धरून नाव-गाव कोणीच विचारलं नाही. एरवी पाहुण्यायसमोर मुका होणारा दादा तिच्यासंग चक्क हसून बोलून राह्यला होता!

तेवढ्यात मामाचा फोन आला. "कुठी हाय तुम्ही? पोरीकडचे आईस्क्रीमवाल्याजवळ वाट पाहून राह्यले!"

म्हणजे हे दुसरेच! तेही दुसऱ्याच पाहुण्यायची वाट पाहत होते. लाजेनं तसेच उठलो.

खरी पोरगीही चांगलीच होती. तिच्या घरचे उत्तर मागून राह्यले. आई म्हणते, होकार कळव. दादा म्हणते, "आधी त्या पहिल्या टेबलाचं गाव काढ."

आता सांगा, ग्रुपातल्या कोणाची बहीण आज हिरवी साडी नेसून मॉलात गेलती का?